माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ: प्लग लावायच्या आधी हे वाचा

माळ्यावरून जुना व्हॉल्व्हचा रेडिओ खाली आला की घरातल्या कुणाला तरी तो लगेच लावून बघायचा असतो. धूळ झटकायची, प्लग खोचायचा आणि डायलचा दिवा लागतोय का ते बघायचं. हे करू नका. २५-३० वर्षं बंद असलेल्या सेटचं माळ्यावर जेवढं नुकसान झालेलं नसतं, तेवढं या पहिल्या पाच मिनिटांत होऊ शकतं. कधी ट्रान्सफॉर्मर जळतो, कधी धडधाकट आउटपुट व्हॉल्व्ह लाल होऊन मरतो. मग किरकोळ सुट्या भागांत बोलता झाला असता तो सेट महागड्या दुरुस्तीचा होऊन बसतो.

मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको यांचे हे सेट आपल्याकडे घराघरांत होते. मर्फीचा तर कारखानाच ठाण्यात होता. आज ते बंद पडलेले दिसतात, पण त्यातले बहुतेक पुन्हा गाऊ शकतात, असं मी अगदी खात्रीने सांगतो. त्यासाठी सेटमधलं काय म्हातारं होतं आणि काय होत नाही, तेवढं मात्र नीट कळायला हवं.

सेट बोलत नाही म्हटल्यावर पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो, आणि तिथेच बहुतेक वेळा चुकतं. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून बंद केलेली काचेची नळी. आतल्या कॅथोडवर बेरियम-स्ट्राँशियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. तो तापला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हा लेप वापरल्याने झिजतो, नुसता ठेवून झिजत नाही. त्यामुळे हजारो तास वाजलेला व्हॉल्व्ह थकतो, पण ४० वर्षं गुपचूप पडून राहिलेला व्हॉल्व्ह बहुधा होता तसाच असतो. काचेच्या आतल्या बाजूला चांदीसारखा चकचकीत डाग दिसतो, तोही बघावा. तो काळपट किंवा चंदेरी असेल तर ठीक. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलेली असते, आणि मग त्या व्हॉल्व्हची आशा सोडावी.

वयाबरोबर मरतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. मेणात किंवा तेलात भिजवलेला कागद आणि धातूचा पातळ पत्रा यांची गुंडाळी, असे ते जुने पेपर कंडेन्सर. कागद हळूहळू ओल शोषतो आणि त्यातून वीज झिरपायला लागते. सेट वाजला काय किंवा पडून राहिला काय, हे होतच राहतं, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत ते आणखी लवकर होतं.

आता सेट मागून उघडून व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. फिलिप्सच्या, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्याही बऱ्याच व्हॉल्व्हवर असलेली ही युरोपीय क्रमांकपद्धत फार उपयोगी आहे. पहिलं अक्षर फिलामेंटबद्दल, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या आतल्या तारेबद्दल सांगतं. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टवर चालणारा, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरवर एकापाठोपाठ एक जोडलेला, ‘डी’ म्हणजे बॅटरीवरचा. पुढची अक्षरं काम सांगतात. ईसीएच ८१ लागलेल्या स्टेशनची फ्रिक्वेन्सी बदलतो, ईबीएफ ८९ तो सिग्नल मोठा करतो आणि त्यातून आवाज वेगळा काढतो, ईएल ८४ स्पीकर हलवायला लागणारी ताकद देतो आणि ईझेड ८० एसीचं डीसी करतो. ईएम ८१ किंवा ईएम ८४ असेल तर तो हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा मॅजिक आय.

या पहिल्या अक्षरावर तुमचा जीवही अवलंबून आहे. ‘ई’ मालिकेच्या सेटमध्ये साधारणपणे मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो आणि चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, घराच्या लाइनपासून वेगळी असते. ‘यू’ मालिकेचा सेट एसी-डीसी दोन्हींवर चालावा म्हणून बनवलेला असतो. त्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो, आणि लाइनची एक तार थेट चॅसीला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की अख्खी चॅसी २३० व्होल्टवर येते. अशा सेटच्या बटणांचे स्क्रू आत खोल बसवून वर मेण भरलेलं असतं, ते बोट लागू नये म्हणून. ते मेण काढलंत तर पुन्हा भरा. अशा सेटच्या चॅसीला घरचं अर्थिंग कधीही जोडू नका, आणि एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच ठेवून सेटला लाइनपासून वेगळं करणारा) नसेल तर तो सेट उघडून चालूच करू नका. काही ‘ई’ सेटमध्ये ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो, तो सेटला लाइनपासून वेगळं करत नाही, म्हणून तिथेही हाच धोका असतो. म्हणून अक्षरावर विसंबून न राहता, प्लग काढून, त्याची पिन आणि चॅसी यांच्यामध्ये मीटर लावून खात्री करावी.

‘यू’ सेटची आणखी एक गंमत कळली तर बरेच पैसे वाचतात. यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट लागतात, यूबीएफ ८९ ला १९, यूसीएल ८२ ला ५० आणि यूवाय ८५ ला ३८. बेरीज १२६. लाइन २३० व्होल्टची, तेव्हा उरलेले १०४ व्होल्ट एका जाड वायरवाउंड रेझिस्टन्समध्ये जिरवलेले असतात. १०० मिलिअँपिअरने गुणलं तर दहा-साडेदहा वॅट उष्णता तो एकटा सोसतो. गणपतीच्या मखरातल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखं हे आहे, एक दिवा गेला की सगळी माळ विझते. सगळेच व्हॉल्व्ह गेले म्हणून टाकून दिलेल्या सेटमध्ये पुष्कळदा एकच फिलामेंट किंवा तो रेझिस्टन्सच तुटलेला असतो. सेट बंद करून, प्लग काढून, मीटर ओहमवर ठेवून एकेक तपासलं की पाच मिनिटांत कळतं.

पहिल्यांदा वीज कशी द्यायची ते आता बघू. जुनी मेन्सची वायर आधी बदला. तिच्यातलं रबर हात लावल्यावर भुगा होऊन गळतं, आणि ते आगीचं कारण ठरू शकतं. फ्यूज नसेल तर बसवा. मागच्या बाजूला व्होल्टेज बदलायची पट्टी असते, ११०-१२७-२२०-२४५ असे आकडे असलेली. आपल्याकडे लाइन पुष्कळदा २४० च्या आसपास जाते, त्यामुळे ती २४५ वर ठेवणं शहाणपणाचं. ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह, म्हणजे ईझेड ८०, काढून ठेवा. तो नसताना वरचं २५०-३०० व्होल्ट डीसी तयारच होत नाही. फक्त फिलामेंट आणि डायलचे दिवे लागतात. अर्धा तास तसंच राहू द्या. एवढ्यात ट्रान्सफॉर्मर चटका बसण्याइतका तापला किंवा त्याला वास आला तर आत वाइंडिंग शॉर्ट आहे, आणि पुढचा सगळा खटाटोप त्याच्यावर अवलंबून आहे.

हे सगळं सिरीज बल्बमधून करायचं. १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब लाइन आणि सेट यांच्या मध्ये जोडायचा. एलईडी चालत नाही, तारेचाच हवा. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो, सेट वाचतो. सेट ठीक असेल तर बल्ब सुरुवातीला पेटून मग मंद होतो. घरोघरच्या वायरमनकडे असलेला हा बोर्ड जुन्या सेटसाठी महागड्या उपकरणापेक्षा मोलाचा आहे.

आणि हे कायम लक्षात ठेवा, सेट बंद केला, प्लग काढला, तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये, म्हणजे डीसी गुळगुळीत करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये, शेकडो व्होल्ट साठलेले राहतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांना लावून ते आधी उतरवायचे, मीटरने शून्य झाल्याचं बघायचं, मगच हात घालायचा. व्हॉल्व्हच्या सेटचा शॉक मोबाइल चार्जरच्या झिणझिण्यांसारखा नसतो, त्याने माणूस दगावू शकतो. सोल्डरिंग आणि मीटर यांची सवय नसेल तर हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या, त्यात कमीपणा काही नाही.

सगळ्या सेटमध्ये एक कंडेन्सर असा आहे की बाकी काही नाही बदललं तरी तो बदलायचाच. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटशी जोडणारा. (ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणारी आतली जाळी, प्लेट म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे पोचतात तो पत्रा.) क्षमता साधारण ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरड. त्याचं काम आवाजाची एसी पुढे जाऊ देणं आणि डीसी अडवणं. एका बाजूला प्लेटचे ९० एक व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ग्रिड, जिच्यावर शून्य हवं. ग्रिडपासून चॅसीपर्यंत अर्ध्या मेगओहमचा रेझिस्टन्स असतो. आता हा कंडेन्सर फक्त १० मेगओहमइतका गळायला लागला असं धरा. साध्या हिशेबाने ग्रिडवर सव्वाचार व्होल्ट येतात. ईएल ८४ ची ग्रिड कॅथोडपेक्षा सुमारे ७ व्होल्ट खाली असायला हवी (ग्रिड शून्यावर, कॅथोड ७ वर), ती त्यापेक्षा बरीच वर सरकते आणि व्हॉल्व्ह जास्त करंट ओढायला लागतो. मुळात तो २५० व्होल्टवर ४८ मिलिअँपिअर घेत असतो, म्हणजे १२ वॅट, आणि १२ वॅट हीच त्याच्या प्लेटची मर्यादा आहे. वरची जागा शिल्लकच नाही. आवाज फाटतो, प्लेट लालसर दिसायला लागते, पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं बारीक वाइंडिंग उडतं. मूळ दोष कंडेन्सरचा, आणि मरतात ते दोन सर्वांत महाग भाग.

हा दोष साध्या ओहम मीटरवर सापडत नाही. मीटर एक-दोन व्होल्टच लावतो, गळती १०० व्होल्टला होते. सेट चालू असताना ग्रिडवरचं डीसी व्होल्टेज बघा. एकदेखील व्होल्ट दिसला तर कंडेन्सरची ग्रिडकडची बाजू सोडवा. व्होल्ट गेला तर कंडेन्सर दोषी. तरीही राहिला तर व्हॉल्व्हच्या आत वायू झाला आहे आणि तोच बदलायला हवा. नवा कंडेन्सर पॉलिप्रोपिलीनचा, ६३० व्होल्टचा घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात तो सहज मिळतो.

मग पाळी बाकीच्या पेपर कंडेन्सरची. एकेक करून बदला, आणि प्रत्येक बदलानंतर सेट लावून ऐका. सगळे एकदम काढून एकदम बसवले की एखादं कनेक्शन चुकतं आणि चूक कुठे आहे ते हुडकण्यात आठवडा जातो. आयएफ कॅनच्या (ट्यूनिंगच्या कॉइल असलेल्या धातूच्या छोट्या डब्यांच्या) आतले अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे छोटे कंडेन्सर बहुधा ठणठणीत असतात, त्यांना हात लावू नये.

स्पीकरमधून सतत ‘घूंऽऽ’ येत असेल तर तो फिल्टर कंडेन्सरचा दोष. लाइन ५० सायकलची, दोन्ही बाजूंनी रेक्टिफाय झाली की १०० सायकलची घरघर. ॲल्युमिनियमच्या मोठ्या डब्यात बहुधा ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचे दोन असतात. यांच्या आतला ऑक्साइडचा थर वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळाल्याने पातळ होतो. मोठ्या रेझिस्टन्समधून हळूहळू व्होल्टेज वाढवत काही जण तो पुन्हा जमवून घेतात. मी नवेच घालायला सांगेन, ४५० व्होल्टचे ४७ मायक्रोफॅरड. जास्त घातले तर चांगलं, असं समजून रेक्टिफायरपाशीच १०० चा बसवू नका. ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर ५० च्या वर चालत नाही, सुरू होतानाच्या झटक्याने त्याचं आयुष्य घटतं. जुना डबा दिसायला चॅसीवर तसाच राहू द्या, फक्त तारा सोडवा.

कार्बनचे रेझिस्टन्स वयाने वाढतात, २२० किलोओहमचा ३०० झालेला सर्रास दिसतो. २० टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून द्यावा. व्हॉल्यूमची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने आणि बटण वीस-तीसदा फिरवल्याने जाते. बँड स्विचलाही तेच. बिजागरीचं तेल किंवा गंज काढायचे फवारे मात्र तिथे मारू नयेत, ते धूळ धरून ठेवतात.

आता ज्या गोष्टीमुळे मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती. आयएफ कॅनच्या डोक्यावर छोटे स्क्रू दिसतात. ते ढिले झालेत असं वाटतं आणि कुणीतरी घट्ट करून टाकतं. ते स्क्रू नाहीत, ते फेराइटचे गाभे आहेत, ट्यूनिंगसाठी मोजून ठेवलेले. पुणे केंद्राचं ७९२ किलोहर्ट्झ लावलं की सेटच्या आत १२४७ किलोहर्ट्झची एक लहर तयार होते, आणि दोन्हींतला ४५५ चा फरक पुढे जातो. कुठलंही स्टेशन लावा, पुढच्या टप्प्याला तीच ४५५ किलोहर्ट्झ मिळते, म्हणून तो टप्पा एकदाच बारकाईने जुळवून ठेवलेला असतो. (काही फिलिप्समध्ये ४५२, इतरत्र ४७०ही असते.) ते गाभे फिरवले की सेट बहिरा होतो, आणि सिग्नल जनरेटरशिवाय तो पुन्हा नीट जुळवणं फार कठीण. ५० वर्षांपूर्वी कारखान्यात केलेली ती जुळवणी अनेकदा आजही बरोबर असते.

बाहेरच्या अंगाची एकच गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण ती बिघडली की परत येत नाही. डायलची काच. स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात आणि तो रंग ओल्या फडक्यानेसुद्धा निघतो. ‘सिलोन’, ‘दिल्ली’, ‘बॉम्बे’ ही अक्षरं पुसली गेली की सेटची ओळखच गेली. छापलेली बाजू मऊ ब्रशने फक्त झटका, पाणी, साबण, स्पिरिट काही नको. डायलची दोरी काढण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, ती कोणत्या चाकाला किती वेढे घेते ते नंतर आठवत नाही. स्पीकरचा कागद फाटला असेल तर टिश्यू पेपर आणि पातळ केलेला फेव्हिकॉल पुरतो. लाकडी पेटीला घासून नवं पॉलिश चढवायची घाई नको, आधी नुसती पुसून आणि मेण लावून बघा.

रेडिओग्राम असेल, म्हणजे वर तबकडी वाजवायची सोय असेल, तर दोन भाग आधी बघावेत. मोटर आणि तबकडीच्या चाकामधलं रबरी चाक कडक होऊन घसरतं, त्याची कड बारीक पॉलिश पेपरने खरबरीत करून अल्कोहोलने पुसली की पुष्कळदा वेग परत येतो. दुसरं, पिकअप, म्हणजे सुईच्या हालचालीची वीज करणारा भाग. जुन्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो, तो ओलीने खराब होतो. कोकणपट्टीतल्या सेटमध्ये पिकअप मेलेला निघाला तर नवल नाही, तिथे सिरॅमिक पिकअप बसवावा. ७८ च्या तबकड्यांची खाच रुंद असते, तिला ७० मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. एलपीला साधारण २५ किंवा त्याहून बारीक. एकच सुई दोन्हींना वापरली तर तबकडी कायमची खराब होते.

सगळं झाल्यावर सेट लावला आणि फक्त किरकिर ऐकू आली तर निराश होऊ नका. घरातले एलईडी दिवे, चार्जर, वाय-फायचे अ‍ॅडॅप्टर मीडियम वेव्हवर भयंकर गोंगाट करतात. सगळे बंद करून बघा. एरिअलची तांब्याची जाळी खिडकीबाहेर जाऊ द्या, ट्रान्सफॉर्मरच्या सेटला (ऑटो-ट्रान्सफॉर्मरच्या नव्हे) अर्थिंग द्या. दिवसा काही मिळालं नाही तर रात्री लावा. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळल्यावर तो विरळ होतो आणि दूरची केंद्रं ऐकू येतात. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत बरेच मीडियम आणि शॉर्ट वेव्ह ट्रान्समीटर बंद केले आहेत, त्यामुळे डायलवरची सगळी नावं आज वाजणार नाहीत.

म्हणून हल्ली अनेक जण आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवतात. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. त्याची गरजच नसते. बहुतेक सेटच्या पाठीमागे तबकडीच्या पिकअपसाठी दोन भोकं असतात. ट्रान्सफॉर्मरचा (ऑटो-ट्रान्सफॉर्मरचा नव्हे) सेट असेल तर फोनचं आउटपुट ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून तिथे द्या, बँड स्विच ग्रामोफोनवर फिरवा, आणि तुमची गाणी त्याच ईएल ८४ मधून, त्याच लाकडी पेटीतून वाजतील. ‘यू’ मालिकेच्या सेटला मात्र फोन थेट कधीच जोडू नका, त्या भोकांवरही लाइन असू शकते. तिथे फोन बाजूला ठेवून फक्त रेडिओच ऐका, किंवा मेन्सला जोडायच्या बाजूला कायमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. तो जड असतो आणि पेटीत मावत नाही, पण टेबलाखाली ठेवता येतो.